तळपदेंचं विमान खरंच उडालं होतं का?

छत्रपती संभाजीनगर : राईट बंधूंच्या 8 वर्षं आधी, 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर मराठी माणसाने विमान उडवलं, असं भाषणांत नेहमी सांगितलं जातं. तो माणूस म्हणजे शिवकर बापूजी तळपदे.

1864 मध्ये मुंबईत जन्मलेले तळपदे जे. जे. कला शाळेत शिकले. संस्कृत ग्रंथ वाचता वाचता त्यांना विमानाचा नाद लागला. 'मरुत्सखा' या यंत्रासाठी त्यांनी मोठी खटपट केली. ते यंत्र माणसाविना, पाऱ्याच्या जोरावर 1500 फूट चढलं, न्यायमूर्ती रानडे हजर होते, अशी दंतकथा आहे. उड्डाण सिद्ध होईल असा ठोस पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

या कथेला 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 5 संशोधकांनी 1974 मध्ये तो ग्रंथ तपासला. ग्रंथ 1904 च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. मग 1895 च्या यंत्राला तो आधार कसा पुरणार?

तरी तळपदे लहान ठरत नाहीत. इंग्रजी अमलात, इंजिनिअरची पदवी नसताना त्यांनी आकाशात उडण्याचा ध्यास घेतला. पोरांना सांगायचंच तर ही जिद्द सांगावी, आणि पुरावा मागायलाही शिकवावं.