बाल्टिकच्या तळाचा जाणकार

समुद्रात बुडालेले लाकडी जहाज शतकानुशतके टिकत नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे टेरेडो. म्हणायला किडा, प्रत्यक्षात शिंपल्यांच्या कुळातला हा जीव ओकसारखे कठीण लाकूडही पोखरून त्याची चाळण करतो. बाल्टिक समुद्राचे पाणी मात्र इतके अळणी, की तिथे त्याचा निभाव लागत नाही. स्वीडनच्या अँडर्स फ्रान्झेन यांच्या आयुष्याला दिशा दिली ती या एका गोष्टीने.

१९१८ साली स्टॉकहोममध्ये जन्मलेले फ्रान्झेन पेशाने अभियंता. नौदलाच्या प्रशासनात इंधनाचे जाणकार. पुरातत्त्वाशी त्यांचा संबंध केवळ हौसेचा. राजा गुस्ताव्ह अडॉल्फ याची 'वासा' ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, जेमतेम १३०० मीटर जाऊन, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली होती. ती तळाशी अजून शाबूत असणार, असा फ्रान्झेन यांचा होरा होता. नेमकी जागा मात्र विस्मरणात गेलेली. जुनी दप्तरे धुंडाळायची आणि फुरसतीच्या दिवशी होडीतून लोखंडी आकडे सोडून तळ चाचपायचा, असा क्रम काही वर्षे चालला. हाती लागत त्या गंजलेल्या चुली आणि मोडक्या सायकली!

२५ ऑगस्ट १९५६ रोजी बेकहोल्मेन बेटाजवळ त्यांच्या नमुना घेणाऱ्या उपकरणाच्या पोकळ टोकात काळ्या पडलेल्या ओकचा तुकडा आला. काही दिवसांनी नौदलाचे अनुभवी पाणबुडे पेर एडविन फेल्टिंग तिथे ३२ मीटर खोल उतरले. त्या गढूळ, थंड काळोखात डोळ्यांचा उपयोग नव्हता. हातांना लाकडाची भिंत लागली आणि तिच्यात तोफांच्या झरोक्यांच्या एकावर एक दोन रांगा. शंकेला जागाच उरली नाही.

पुढचे काम जिवावरचे होते. शेकडो टनांचे जहाज डोक्यावर असताना पाणबुड्यांनी पाण्याच्या झोताने त्याखाली सहा बोगदे खणले. त्यांतून पोलादी दोर ओवून, २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी 'वासा' पाण्याबाहेर आली. तिच्या बचावात शहराच्या सांडपाण्याचाही वाटा होता, हे विशेष. त्या दूषित पाण्यात लाकूड कुजवणारे अनेक सूक्ष्मजीवही तग धरू शकले नव्हते.

१६७६ साली बुडालेली 'क्रोनान' ही युद्धनौकाही १९८० मध्ये फ्रान्झेन यांच्या शोधमोहिमेला ओलांड बेटाजवळ सापडली. डिसेंबर १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच सांडपाण्यामुळे 'वासा'च्या लाकडात मुरलेल्या गंधकाचे हवेत आम्ल होत असल्याचे २००० च्या सुमारास ध्यानात आले, तेव्हा ते हयात नव्हते.