मॅडम ब्लॅव्हॅट्स्की : चमत्कार आणि कसोटी

आमच्या कागल भागात करणी, भानामती, अंगात येणे हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. या विषयावर बोलणारी माणसे बहुधा दोनच तऱ्हेची भेटतात. काहींना सगळे खरे वाटते, काहींना सगळे थोतांड वाटते. आधी तपासून पाहू, असे म्हणणारा विरळाच. अशी एक तपासणी एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात, आणि काही अंशी आपल्या मुंबईतही, झाली होती. ती ज्या बाईंची झाली त्यांचे चरित्र म्हणूनच मला आपल्या विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावेसे वाटते.

हेलेना पेत्रोव्हना ब्लॅव्हॅट्स्की यांचा जन्म १२ ऑगस्ट १८३१ रोजी रशियन साम्राज्यातील येकातेरिनोस्लाव्ह या गावी झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये असून द्नीप्रो या नावाने ओळखले जाते. वडील लष्करात अधिकारी, तर आई कादंबरीकार होती. १८४२ साली आईचे छत्र हरपले. १८४९ मध्ये, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, वयाने दुपटीहून मोठ्या असलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याशी त्यांचे लग्न झाले. काही महिन्यांतच त्या सासर सोडून निघाल्या. पुढच्या भटकंतीत आपण तिबेटात राहून गुरूंपाशी शिकलो, असे त्या सांगत. त्याला भरवशाचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

१८७३ साली त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकींचे तेव्हा अमेरिकेत मोठे वेड होते. तेथेच त्यांची कर्नल ऑल्कॉट यांच्याशी गाठ पडली आणि १७ नोव्हेंबर १८७५ रोजी थिऑसॉफिकल सोसायटी उभी राहिली. आपल्या शाहू महाराजांनी ज्या आर्य समाजाला पुढे कोल्हापुरात आश्रय दिला, त्या समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद यांच्याशी या मंडळींचा पत्रव्यवहार झाला. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी दोघे मुंबईस उतरली व गिरगावात राहू लागली. त्याच ऑक्टोबरात त्यांचे मासिकही तेथून निघू लागले.

मुंबईच्या सुशिक्षितांना त्यांची मोहिनी का पडली असावी? मिशनरी आपल्या धर्मग्रंथांची टवाळी करीत असण्याचा तो काळ. अशा वेळी एक युरोपियन बाई येते आणि भारतीयांच्या प्राचीन विद्येपुढे पाश्चात्त्यांचे विज्ञान थिटे आहे असे सांगते, हे ऐकून कुणाची मान ताठ होणार नाही? जातिभेदाविरुद्ध लिहिणारे तुकाराम तात्या पडवळ यांच्यासारखे सुधारकही सोसायटीत आले. दामोदर मावळणकर हा मराठी ब्राह्मण कुटुंबातला विशीतला तरुण तर घरदार आणि वारसा सोडून बाईंचा शिष्य झाला. दयानंदांनी मात्र १८८२ साली मुंबईतच या मंडळींशी संबंध तोडले.

विचारांबरोबर चमत्कारही चालू होतेच. तिबेटातील महात्म्यांची म्हणून सांगितलेली पत्रे छतातून टपकत. १८८० साली सिमल्यास एका इंग्रज बाईंचा हरवलेला ब्रोच बागेतल्या फुलांच्या वाफ्यात सापडवून देण्यात आला. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे ठाणे मद्रासजवळ अड्यार येथे हलले. तेथे एका लाकडी देव्हाऱ्यात पत्रे प्रकट होऊ लागली.

१८८४ च्या मार्चमध्ये आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, तेच शाहू महाराज. त्याच वर्षाच्या अखेरीस रिचर्ड हॉजसन नावाचा एकोणतीस वर्षांचा तपासनीस मद्रासला येऊन पोहोचला. बाईंच्या घरचा कारभार पाहणारे कूलोम दांपत्य भांडून बाहेर पडले होते आणि चमत्कारांत हातचलाखी होती असे दाखवणारी बाईंची पत्रे त्यांनी मद्रासच्या एका मासिकास दिली होती. ती बनावट आहेत, असे बाईंचे म्हणणे. हॉजसनला पाठवणारी लंडनची सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही १८८२ साली केंब्रिजच्या विद्वानांच्या पुढाकाराने स्थापन झालेली संस्था होती. अतींद्रिय शक्तींची थट्टा करणे हा तिचा हेतू नव्हता. अशा शक्ती असतील तर त्या शास्त्रीय पद्धतीने सिद्ध व्हाव्यात, हा तिचा आग्रह होता.

हॉजसनने काय केले? साक्षीदारांना वेगवेगळे विचारले, खोल्यांची मापे घेतली, हस्ताक्षरे ताडून पाहिली. देव्हारा ज्या भिंतीला टेकून होता तिच्या पलीकडे बाईंची निजण्याची खोली होती, हे त्याने नोंदवले. खुद्द देव्हारा तो येण्यापूर्वीच जाळून टाकण्यात आला होता! सिमल्याच्या ब्रोचशी जुळणारा ब्रोच आधी मुंबईत बाईंमार्फत दुरुस्तीस गेला होता, असा माग त्याने काढला. १८८५ च्या अखेरीस अहवाल निघाला. त्याने बाईंना ठकवण्यात पटाईत ठरवले.

मार्च १८८५ मध्ये बाईंनी हिंदुस्थान सोडला, तो कायमचा. दामोदरने त्याआधीच, फेब्रुवारीत, तिबेटची वाट धरली होती. तो परत आलाच नाही. चमत्कार तपासायचे कशासाठी, असे विचारणाऱ्याने हा तरुण आठवावा. विश्वासाची किंमत चमत्कार करणाऱ्याला नव्हे, विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.

पण गोष्ट इथे संपत नाही. हाच हॉजसन पुढे अमेरिकेत पायपर नावाच्या माध्यम बाईंची तपासणी करू लागला. तिच्यामागे त्याने गुप्तहेरही लावले, आणि अखेर मृतात्मे तिच्यामार्फत बोलतात असे स्वतःच मानू लागला. उलट १९८६ साली व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने त्याच संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनचा अहवाल एकतर्फी व सदोष असल्याचे दाखवले. म्हणजे तपासनीसही तपासला गेला. मला हेच विज्ञानाचे खरे लक्षण वाटते. तथापि अहवाल सदोष ठरला म्हणून पत्रे छतातून पडत होती हे सिद्ध होत नाही. सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच राहतो.

बाईंनी १८८८ साली आपला प्रचंड ग्रंथ, द सीक्रेट डॉक्ट्रिन, प्रसिद्ध केला आणि ८ मे १८९१ रोजी लंडनला देह ठेवला. परदेशात आपल्या धर्मग्रंथांविषयी आदर वाढवण्यात त्यांच्या चळवळीचा वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ते श्रेय चमत्कारांच्या खात्यावर जमा करता येत नाही.

आपल्याकडे एखाद्या घरावर दगड पडू लागले की गाव प्रथम देवऋषी गाठते. त्याऐवजी हॉजसनचे साधे प्रश्न आपण विचारू शकतो. त्या वेळी तेथे कोण होते? भिंतीपलीकडे कोण होते? वस्तू हलवण्यापूर्वी ती जागा कुणी पाहिली? हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. ते आमच्या कागलातही विचारता येतात.