विश्लेषण : ‘पॅप’ चाचणी शोधणारा डॉक्टर आणि बायकांच्या धीराची मोजणी

नागपूरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात आशाताई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी सांगतात, तेव्हा तिशी ओलांडलेल्या बायका माना डोलावतात. सगळे पटलेले असते. तपासणीच्या टेबलापर्यंत मात्र थोड्याच पोहोचतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी ही तपासणी कधीतरी करून घेतलेल्यांचे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी आहे. म्हणून संशोधक आता माहितीसोबत आत्मविश्वासही मोजतात. डॉक्टर पुरुष असला तर जाल का? घरचे नको म्हणाले तर? निकालाची भीती वाटली तर? ‘अजिबात नाही’पासून ‘नक्की’पर्यंतच्या उत्तरांना गुण दिले जातात. हा प्रश्न नवा नाही. ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ चाचणी ओळखली जाते, त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनाही तो पहिल्याच दिवसापासून भेडसावत होता.

कोण होते पापानिकोलाऊ?

जन्म १३ मे १८८३, ग्रीसमधील किमी या गावी. वडील डॉक्टर. अथेन्सला वैद्यकीची पदवी घेऊन मुलगा जर्मनीला गेला आणि १९१० मध्ये म्युनिकहून प्राणिशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतला. त्याच वर्षी आंद्रोमाकी ऊर्फ मेरी यांच्याशी लग्न झाले. १९१३ मध्ये दोघे न्यूयॉर्कला उतरले तेव्हा इंग्रजी येत नव्हते आणि खिशात जेमतेम २५० डॉलर होते. डॉक्टरसाहेब दुकानात गालिचे विकू लागले, मेरी बटणे शिवू लागल्या. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळाले. मेरीही तिथेच मदतीला, पण विनावेतन.

शोध कसा लागला?

सुरुवात गिनीपिगपासून झाली. योनीमार्गातील स्राव काचपट्टीवर पसरून पाहिला, की पाळीच्या चक्रानुसार पेशी बदलताना दिसत. माणसात असेच घडते का, हे पाहायला रोज नमुना देणारी बाई हवी होती. त्या काळात कोणाला विचारणार? मेरी पुढे आल्या आणि सुमारे २१ वर्षे नमुने देत राहिल्या. त्यांनी मैत्रिणींनाही तयार केले आणि त्यातल्या एकीला पुढे कर्करोग निघाला, असे सांगितले जाते. शोधाचे श्रेय पतीच्या नावावर जमा झाले. धीराचा हिशेब कुणी ठेवला नाही.

१९२८ मध्ये त्यांनी स्रावातील पेशींवरून कर्करोग ओळखता येतो, असे मांडले. त्याच सुमारास रोमानियातील ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवले होते. जाणकारांनी फारसे मनावर घेतले नाही. तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला, असा सूर होता. मुद्दा मात्र लक्षण दिसण्याआधी गाठण्याचा होता. या रोगाला वाढायला बहुधा १० वर्षांहून अधिक काळ लागतो. १९३९ पासून स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या महिलांचे नमुने सरसकट तपासले गेले आणि १९४१ व १९४३च्या प्रकाशनांनंतर जगाने चाचणी स्वीकारली. नोबेल मिळाले नाही. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामीत त्यांचे निधन झाले. मेरी १९८२ पर्यंत होत्या.

महाराष्ट्रात काय दिसले?

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण दुसरा आकडाही बघण्यासारखा आहे. तपासणीसाठी बोलावलेल्या महिलांपैकी सुमारे ८० टक्के आल्या. याच ग्रामीण, कष्टकरी बायका! गावात जाऊन नीट समजावले, की आकडा कुठल्या कुठे जातो.

नागपुरात धीर मोजायचा तर परदेशी प्रश्नावलीच्या भाषांतराने भागणार नाही. तिथे विम्याचा प्रश्न असतो. इथे सासूची परवानगी, बुडणारी मजुरी आणि तपासणीच्या खोलीला पडदा आहे की नाही, हे विचारावे लागेल.