ट्राम, चुंबकसुई आणि नानाभाई मूस

मुंबईत 'अलिबागहून आलायस का?' असं कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. समोरच्याला काही समजत नाही, असं सुचवायचं असतं. पण मित्रांनो, फिजिक्सच्या जगात 'अलिबागहून आलंय' म्हटलं की लोक कान टवकारतात! कारण पृथ्वीच्या चुंबकत्वाची दीडशेहून जास्त वर्षांची सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडते, आणि त्यातली एक नोंद आज अलिबागच्या वेधशाळेत पुढे चालू आहे. ती सुरू झाली होती मुंबईत. मध्येच तुटायची वेळ आली होती, ती तुटू दिली नाही एका माणसाने. त्याचं नाव नानाभाई मूस.

पूर्ण नाव नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस. जन्म मुंबईत, एका पारशी कुटुंबात, २९ ऑक्टोबर १८५९ रोजी. हे वर्ष लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ते आपल्यातलेच! त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही पदवी घेतली होती. एल.सी.ई. म्हणजे आजच्या भाषेत सिव्हिलचं बी.ई. नंतर ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरा विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलोसुद्धा झाले. १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे डायरेक्टर चार्ल्स चेंबर्स वारले आणि त्या खुर्चीवर मूस आले. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय डायरेक्टर. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली, शहर ओस पडायला लागलं. तशा दिवसांत त्यांनी हा कारभार हातात घेतला.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली काढली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ सांगण्यासाठी. चुंबकत्वाचं काम १८४१ मध्ये सुरू झालं. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी दाखवून दिलं होतं, की पृथ्वीचं चुंबकत्व समजून घ्यायचं तर ते एकाच वेळी अनेक देशांत मोजलं पाहिजे. म्हणून जगभर वेधशाळा निघाल्या. आपल्याकडे सिमल्यालाही निघाली होती, पण ती थोड्याच वर्षांत बंद पडली. कुलाब्याची टिकली. १८४६ पासून तिथे रात्रंदिवस सलग नोंद व्हायला लागली. उन्हाळा असो, मुंबईचा पाऊस असो, कुणीतरी त्या सुईजवळ हजर असायचंच.

आता कुणी म्हणेल, सुई उत्तरेकडे तोंड करून उभी राहते, त्यात रोज काय मोजायचं? गंमत इथेच आहे. सुई कधीच स्वस्थ नसते. बारावीच्या प्रॅक्टिकलला डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटरवर आपण अंशात रीडिंग घेतो, त्यामुळे ही हालचाल आपल्याला दिसतच नाही. मुंबईत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० हजार नॅनोटेस्लाच्या घरात आहे. ते दिवसभरात चाळीस-पन्नास नॅनोटेस्लाने कमीजास्त होतं, म्हणजे हजारात एक भाग. हॉस्टेलच्या कपाटाला आपण स्टिकर लावतो ना, त्या छोट्या मॅग्नेटचं क्षेत्र त्याच्या अंगालगत पृथ्वीच्या शंभरपट सहज भरतं. त्या मानाने हा फरक म्हणजे काहीच नाही! तो पकडण्यासाठी लोहचुंबक रेशमाच्या धाग्याने टांगायचे, त्याला छोटा आरसा लावायचे. चुंबक किंचित वळला तरी आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश लांबवर बराच सरकतो. १८७० च्या दशकापासून कुलाब्याला हा प्रकाश फोटोच्या कागदावर पडायला लागला आणि सुईच्या हालचालीची रेघ आपोआप उमटायला लागली.

या रेघेला धोका आला तो विजेच्या ट्रामचा.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. शतक संपता संपता त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरायला लागलं. शहराला त्यांची गरज होतीच. पण १८२० साली ओर्स्टेडने दाखवलेली गोष्ट आपण शाळेतच शिकलोय. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि शेजारची सुई वळते. ट्राम डी.सी. वर चालायची. करंट वरच्या तारेतून यायचा आणि रुळांतून परत जायचा. जाणारा आणि येणारा करंट सारखा आणि उलट दिशेचा असेल तर लांबवर त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी मारून टाकतात. पण रूळ जमिनीला टेकलेले. थोडा करंट वाट चुकून मातीत, पाण्याच्या पाइपात शिरतो आणि मन मानेल तसा फिरून परत येतो. या चोरट्या करंटला जोडीदार नसतो.

जरा हिशेब करून बघू. लांब सरळ तारेसाठी सूत्र सोपं आहे. अँपिअरला मीटरमधल्या अंतराने भागायचं आणि २०० ने गुणायचं, उत्तर नॅनोटेस्लात येतं. समजा फक्त १० अँपिअर करंट वाट चुकला आणि सुईपासून १०० मीटरवरून गेला. क्षेत्र येतं २० नॅनोटेस्ला. म्हणजे दिवसभराच्या नैसर्गिक बदलाच्या जवळजवळ निम्मं! तेही स्थिर नाही. ट्राम सुटली की वाढणार, थांबली की कमी होणार. रेघेवर सूर्याचा परिणाम कुठला आणि ट्रामचा कुठला, हे ब्रह्मदेवालासुद्धा सांगता आलं नसतं. नोंद चालू राहिली असती, पण तिचा अर्थ संपला असता.

म्हणजे कठीण परिस्थिती होती. ट्राम नको म्हणणं शहरावर अन्याय. ट्राम आल्यावर आहे तिथेच मोजत राहणं हा साठ वर्षांच्या कामावर अन्याय. आणि काम बंद करणं तर त्याहून वाईट. मूस यांनी जागा बदलायची ठरवली. निवड झाली अलिबागची. कुलाब्यापासून समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटर, ट्राम नाही, रेल्वे नाही, पण बोटीने जाऊन येता येईल इतकं जवळ. अंतर कमी म्हणून दोन्हीकडचं चुंबकत्वही एकमेकांशी जुळणारं. मघाचाच हिशेब ३० किलोमीटरला लावा. १०० मीटरच्या तीनशेपट अंतर, म्हणजे २० नॅनोटेस्लाचे उरले ०.०७. सुईला पत्ताही लागणार नाही! (योगायोग बघा, अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच गेली म्हणायची.)

जागा मिळाली, पण बांधायचं कशाने? इथे त्यांचं सिव्हिल उपयोगी पडलं असणार. आपल्याकडे पन्हाळ्यापासून अंबाबाईच्या देवळापर्यंत सगळीकडे काळा दगड दिसतो, कोकणातही तोच. या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, म्हणजे दगड स्वतःच थोडा चुंबक. जमिनीखालचा बेसाल्ट कुणाला हलवता येत नाही, पण सुईजवळची भिंत आपल्या हातात असते. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म चुंबकीय गुण तपासून घेतला आणि भिंती त्याच्या बांधल्या. लोखंडाला पूर्ण बंदी! बिजागऱ्या, कड्या वगैरे सगळं पितळ आणि तांब्याचं. लोखंडी खिळ्याशिवाय इमारत उभी करायची म्हणजे काय, हे आपल्या सिव्हिलच्या मित्रांना जास्त कळेल. शिवाय तापमान बदललं की चुंबकाची ताकदही बदलते. म्हणून उपकरणांच्या खोलीत दिवसा आणि रात्री तापमान जवळपास सारखं राहील अशी बांधणी केली.

१९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. यानंतर मूस यांनी जे केलं, ते मला त्यांच्या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नवी वेधशाळा चालू झाली म्हणून त्यांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. कशासाठी? दोन ठिकाणची रीडिंग्ज कधीच तंतोतंत सारखी नसतात. १९०४ पर्यंत एक आकडा आणि त्यापुढे दुसराच आकडा आला, तर पृथ्वी बदलली की फक्त जागा बदलली, हे कसं ओळखणार? दोन वर्षं दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की मधला फरक कळतो आणि १८४६ ची नोंद १९०६ च्या पुढे बिनघोर जोडता येते. काम डबल, उपकरणं डबल, पण सांधा पक्का! मग कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. नुकसान कुणाचंच झालं नाही.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी त्यांनी नीट लावल्या, तपासल्या आणि १९१० साली दोन मोठ्या खंडांत छापल्या. कॉम्प्युटर सोडा, साधा कॅल्क्युलेटरही नव्हता. लाखो आकड्यांची बेरीज-सरासरी हातानेच! पहिल्या खंडात आकडे आणि उपकरणं, दुसऱ्यात त्यांचा अर्थ. चुंबकीय वादळांचा अभ्यास त्यात फार चांगला आहे. वादळ म्हणजे सूर्याकडून आलेल्या धक्क्याने पृथ्वीचं क्षेत्र ढवळून निघणं. घड्याळातली वेळ बाजूला ठेवून, वादळ सुरू झालं त्या क्षणापासून किती तास झाले असं मोजून मूस यांनी अनेक वादळांची सरासरी काढली. तेव्हा एक ठराविक आकार दिसतो. आडवं क्षेत्र आधी एकदम उडी मारून वाढतं, मग काही तास खूप खाली जातं आणि पुढचे काही दिवस हळूहळू पूर्ववत होतं. सिडनी चॅपमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पुढे हीच वाट मोठी केली. कुलाब्याला हवामानाचं काम चालूच होतं, आणि १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपानंतर तिथे मिल्न यांचं भूकंपमापकही बसलं. १९१९ साली मूस निवृत्त झाले आणि २५ फेब्रुवारी १९३६ रोजी वारले.

आता १८५९ कडे येऊ. मूस यांचा जन्म व्हायच्या दोन महिने आधी, १ सप्टेंबरला, रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज निरीक्षकाला सूर्यावर एक प्रचंड झगमगाट दिसला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या तारयंत्रणा बिघडल्या. त्या दिवशी कुलाब्याला नेहमीसारखी नोंद चालू होती. तो आकडा जवळपास दीडशे वर्षं पडून होता. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी तो पुन्हा तपासला, तेव्हा जगाला कळलं की मुंबईत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलं होतं. नेहमीच्या दिवसाच्या तीस-चाळीसपट! मार्च १९८९ मध्ये याहून बऱ्याच छोट्या वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातली वीज नऊ तास घालवली होती. १८५९ सारखं वादळ आज आलं तर ग्रिडचं, ट्रान्सफॉर्मरचं, सॅटेलाइटचं काय होईल याचा विचार करणाऱ्यांना कुलाब्याचा तो आकडा लागतोच. ज्याने तो लिहिला त्याला त्याचा उपयोग माहीत नव्हता. त्याने फक्त जे दिसलं ते लिहिलं.

कुलाबा-अलिबागचं हे काम १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. वातावरणाचे वरचे थर अभ्यासण्यासाठी याच संस्थेने आपल्या कोल्हापुरातही एमएफ रडार बसवलं होतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? ज्या ट्रामसाठी सुई हलवावी लागली, ती ट्राम मुंबईतून १९६४ साली बंद झाली. अलिबागची सुई मात्र अजून हलतेय आणि तिची नोंद रोज होतेय.

आपल्याकडे जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर रीडिंग्ज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असतात. उत्तर आधी ठरतं, रीडिंग्ज मागून येतात! त्यात मार्क जातील किंवा मिळतील, एवढंच आपल्याला वाटतं. मूस साहेबांनी एका रेघेवर दुसऱ्या कशाची सावली पडू नये म्हणून अख्खी वेधशाळा समुद्रापलीकडे नेली आणि दोन वर्षं दुप्पट काम केलं. पुढच्या वेळी प्रॅक्टिकलला सुई एका जागी थांबत नसेल तर वैतागून पार्टनरच्या वहीत डोकावू नका. आधी खिशातला मोबाइल लांब ठेवा, मग सुई काय सांगतेय ते बघा आणि तेवढंच लिहा.