एडवर्ड अँड्रेड

एडवर्ड नेव्हिल द कोस्टा अँड्रेड (२७ डिसेंबर १८८७ – ६ जून १९७१) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ होते. स्थिर प्रतिबलाखाली धातू काळाच्या ओघात हळूहळू लांबत जातो. या विसर्पणाचा, म्हणजेच क्रीपचा, गणिती नियम त्यांनी १९१० साली मांडला.

जीवन

अँड्रेड यांचा जन्म लंडन येथे झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन व हायडेलबर्ग येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्यासमवेत गॅमा किरणांची तरंगलांबी मोजली. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९२८ ते १९५० या काळात ते युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. १९३५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९५० साली ते रॉयल इन्स्टिट्यूशनचे संचालक झाले. मात्र कारभारावरील वादामुळे १९५२ साली त्यांना पद सोडावे लागले.

विसर्पणाचे संशोधन

वजन टांगलेली तार लांबताना बारीकही होते. त्यामुळे भार तोच असूनही छेदाच्या एकक क्षेत्रफळावरील बल, म्हणजे प्रतिबल, वाढते आणि धातूचा मूळ गुणधर्म झाकला जातो. यावर उपाय म्हणून अँड्रेड यांनी अपास्त वक्राच्या आकाराचे वजन द्रवात टांगले. तार लांबेल तसे वजन अधिक बुडे, द्रवाच्या उत्प्लावक बलाने भार घटे आणि प्रतिबल स्थिर राही. या प्रयोगांत लांबीतील वाढीचे दोन भाग आढळले. पहिला काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आठपट काळात दुप्पट होतो. दुसरा जवळजवळ स्थिर वेगाने वाढतो. तुटण्यापूर्वीची वेगवान अवस्था मात्र या नियमात येत नाही.

महत्त्व

अँड्रेड यांनी शिशाच्या तारा वापरल्या होत्या. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने त्याचे विसर्पण साध्या तापमानालाही दिसते. पोलादाला त्यासाठी मोठी उष्णता लागते. ती स्थिती औष्णिक विद्युत केंद्रांत असते. नाशिकजवळील एकलहरे येथील २१० मेगावॉटच्या संचांसारख्या संचांत वाफेचे तापमान ५४० अंशांच्या आसपास असते. अशा नळ्यांचे आयुष्य सामान्यतः एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक, धरतात. एवढा काळ चाचणी घेणे क्वचितच शक्य असल्याने कमी मुदतीच्या मोजमापांवरून गणिताने अंदाज बांधावा लागतो. तो चुकल्यास नळी अवेळी फुटू शकते. पोलादाच्या स्थिर वेगाच्या अवस्थेसाठी फ्रेडरिक नॉर्टन यांचे १९२९ चे सूत्र वापरले जाते. आरंभीच्या अवस्थेसाठी अँड्रेड यांचा घनमुळाचा नियम आजही उपयोगी पडतो.