लिओ फेंडर : गिटार न वाजवणाऱ्या माणसाने बेस गिटार कशी बदलली?



इलेक्ट्रिक बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाणं ऐकताना बहुतेकांचं तिच्याकडे लक्ष जात नाही, पण ती मध्येच थांबली तर गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. मी गेली काही वर्षं हाताने घडवलेले बेस विकत घेतो, वाजवतो आणि सांभाळतो. या छंदात शिरलं की एक नाव पदोपदी भेटतं, ते म्हणजे लिओ फेंडर. जगभरचे संग्राहक ज्या जुन्या बेसच्या मागे असतात, त्यातले बरेचसे त्यांच्या कारखान्यात १९५१ ते १९६४ या काळात बनलेले आहेत. गंमत म्हणजे लिओ यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ती सुरात लावणंही त्यांना जमत नसे.

आज त्यांचं आयुष्य थोडक्यात पाहूया. सोबत बेसचा पिकअप कसा चालतो आणि जुना बेस घेताना काय तपासायचं, हेही समजून घेऊ.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. लहानपणीच आजारपणात त्यांचा डावा डोळा गेला आणि काचेचा डोळा बसवावा लागला. शाळकरी वयात एका नातेवाइकाने त्यांना गाड्यांच्या आणि रेडिओच्या जुन्या सुट्या भागांची पेटी पाठवली. तिथून रेडिओचं जे वेड लागलं ते कायमचं.

कॉलेजात मात्र ते हिशेबनीसाचं काम शिकले. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतलं नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत नोकऱ्या गेल्या, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये फेंडर रेडिओ सर्व्हिस हे दुकान थाटलं. रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर, सभेचे लाउडस्पीकर, वादकांचे अॅम्प्लिफायर, जे येईल ते दुरुस्त करायचं.

त्यांचं पुढचं सगळं काम समजायला हे दुकान लक्षात ठेवावं लागतं. दुरुस्ती करणाऱ्याला रोज कळतं की वस्तू नेमकी कुठे मोडते आणि ती उघडायला किती त्रास होतो. लिओ वाद्याकडेही त्याच नजरेने बघत. जो भाग झिजणार, तो पटकन काढता आला पाहिजे.

१९४५ च्या सुमारास डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि अॅम्प बनवायला सुरुवात केली. कॉफमन लवकरच बाहेर पडले आणि १९४६ मध्ये लिओ यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. १९५० मध्ये भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. तिलाच पुढे टेलिकास्टर हे नाव मिळालं.

१९५१ : प्रिसिजन बेस

त्या काळात बँडमध्ये खालचे सूर वाजवायला डबल बेस असे. माणसाएवढं उंच, पोकळ लाकडी वाद्य. गाडीत मावायचं नाही आणि ड्रम, ट्रम्पेट सुरू झाले की ऐकूही यायचं नाही. शिवाय त्याला फ्रेट नसतात. बोट थोडं इकडेतिकडे पडलं की सूर हलतो. म्हणजे गिटारवादकाने एखाद्या दिवशी बेस धरायचा म्हटलं तर हात नव्याने बसवायला हवा.

लिओ यांनी १९५१ च्या अखेरीस यावर उपाय आणला. गिटारसारखा आडवा धरायचा, भरीव लाकडाचा, फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बेस. फ्रेटमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. अर्थात कल्पना अगदीच नवी नव्हती. सिअॅटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात ऑडिओव्हॉक्स नावाने असा बेस काढला होता, पण तो फारसा पसरला नाही. लिओ यांचा पसरला, कारण तो कारखान्यात भराभर बनवता येत होता आणि त्याच्या जोडीला १९५२ मध्ये बासमन हा खास अॅम्पही आला. लायोनेल हॅम्पटन यांच्या बँडमधल्या मंक माँटगोमेरी यांनी तो सुरुवातीच्या काळातच हाती घेतला आणि जॅझच्या श्रोत्यांसमोर नेला.

तारेची वाजणारी लांबी लिओ यांनी ३४ इंच ठेवली. त्यांच्या गिटारची लांबी २५.५ इंच, तर डबल बेसची साधारण ४१-४२ इंच. सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर आखूड तारेवर काढायचा तर ती फार सैल ठेवावी लागते आणि फडफडते. तार फार लांब केली तर बोटं पोचत नाहीत. ३४ इंच हा मधला मार्ग आजही बहुतेक बेसचं माप आहे.

पिकअप काम कसा करतो?

तारांच्या खाली छोटी चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार लोखंडी धातूची असल्यामुळे तीही चुंबकीय बनते. ती थरथरली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. अॅम्प ती वाढवतो आणि स्पीकरमधून सूर येतो. तत्त्व फॅरेडे यांचंच, सायकलच्या डायनॅमोमधलं.

अडचण अशी की हे वेढे आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुणही पकडतात. १९५७ मध्ये प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा दोन तारांखाली. एकाचे वेढे आणि चुंबकं दुसऱ्याच्या उलट. बाहेरची गुणगुण दोन्हीकडे उलटसुलट येते आणि एकमेकींना मारते, तारांचा सूर मात्र शाबूत राहतो. हीच रचना आजही प्रिसिजनवर दिसते. १९६० मध्ये बारीक मानेचा, दोन पिकअपचा जॅझ बेस आला.

कारखान्यातले हात

इथे एक गंमत बघा. आज हाताने घडवलेला बेस म्हटलं की एकच कारागीर महिनोन्महिने लाकडाशी झटतोय असं चित्र डोळ्यांसमोर येतं. लिओ यांचा कारखाना तसा नव्हता. साच्यांवरून लाकूड कापलं जाई, मान वेगळी, बॉडी वेगळी आणि शेवटी चार स्क्रूंनी दोन्ही जोडायचे. मान बिघडली? चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. पारंपरिक कारागीर मान सरसाने कायमची चिकटवत, त्यामुळे अनेकांना ही पद्धत हलकी वाटली.

तरीही त्या बेसमध्ये हात होतेच. माना हाताने घासल्या जात आणि त्यांच्या टोकाला पेन्सिलने तारीख, कधी कामगाराची आद्याक्षरं लिहिलेली असत. तादेओ गोमेझ यांची अक्षरं असलेली मान मिळाली की संग्राहक खूश होतात. पिकअपचे वेढे घालताना यंत्र फिरायचं, पण तार बोटांनी सरकवावी लागे. म्हणून प्रत्येक पिकअप थोडा वेगळा निघे. १९५६ मध्ये कामाला लागलेल्या अॅबिगेल यबारा यांनी ते काम कित्येक दशकं केलं. त्यांच्या हातचे पिकअप लोक आज नावाने मागतात.

विक्री आणि दुसरी खेळी

सायनसच्या चिवट संसर्गाने लिओ यांची तब्येत ढासळली. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या माध्यम समूहाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. त्याआधीचे बेस म्हणजे संग्राहकांच्या भाषेत प्री-सीबीएस. पुढे लिओ बरे झाले, पण करारामुळे काही वर्षं त्यांना स्पर्धेत उतरता येत नव्हतं.

ते स्वस्थ बसणारे नव्हते. म्युझिक मॅन कंपनीसाठी १९७६ मध्ये स्टिंगरे बेस आला. त्यात बॅटरीवर चालणारा प्रीअॅम्प होता, म्हणजे जाड-बारीक आवाज बेसवरच वाढवता-घटवता येऊ लागला. नंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत त्यांनी जी अँड एल काढली आणि १९८० मध्ये एल-२००० बेस आणला. पार्किन्सनच्या आजारातही ते कामाच्या टेबलावर जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी ते गेले.

जुना बेस घेताना काय पाहाल?

- मानेच्या टोकावरची तारीख. ती मान बनल्याची आहे, पूर्ण बेस तयार झाल्याची नाही.
- आवाजाच्या बटणामागचा, म्हणजे पॉटवरचा आकडा. १९६० च्या दशकातल्या पॉटवर १३७६०१२ असा आकडा असेल तर १३७ हा बनवणाऱ्याचा, ६० हे वर्ष आणि १२ हा आठवडा. पॉट मूळचा असेल तर बेस त्याहून जुना असू शकत नाही.
- सोल्डरिंग. पुन्हा छेडलेले जोड वेगळे चमकतात.
- फिंगरबोर्डचं लाकूड. १९५९ नंतरच्या काही वर्षांतल्या बेसवर ब्राझिलियन रोझवुड सापडतं. या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधनं आहेत, त्यामुळे बेस परदेशातून आणण्याआधी कागदपत्रं विचारा.

आता खरा पेच. संग्राहकांच्या बाजारात मूळ भागांना किंमत. रंग पुन्हा दिला, पिकअप बदलला, अगदी फ्रेट बदलले तरी भाव उतरतो. माझ्याकडच्या एका जुन्या बेसचे पहिले पाच फ्रेट इतके झिजलेत की जाड तार घरंगळल्यासारखी वाजते. मला दोघा जाणकारांनी बजावलंय की हात लावू नकोस, पेटीत ठेव, भाव वाढेल.

पण ज्या आवाजांमुळे हे बेस मौल्यवान झाले ते पेटीत तयार झाले नव्हते. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी १९६२ चा प्रिसिजन अक्षरशः राबवला. जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ च्या जॅझ बेसचे तर फ्रेटच काढलेले होते आणि खाचा भरलेल्या होत्या. भाव बघत बसलं असतं तर बेसच्या इतिहासातला तो आवाज आपल्याला मिळालाच नसता.

लिओ फेंडर यांनी बेस बनवला तो उघडता यावा म्हणून. मोडला तर दुरुस्त होऊन त्याच रात्री पुन्हा वाजावा म्हणून. त्यामुळे मी ठरवलंय की फ्रेट बदलून घ्यायचे. जुने फ्रेट छोट्या पाकिटात जपून ठेवीन, काय काम केलं त्याची तारखेसह चिठ्ठी पेटीत टाकीन, म्हणजे पुढच्या मालकाला सगळं स्पष्ट कळेल. भाव थोडा कमी होईल, हे मान्य. बेस मात्र वाजेल.

तुमच्याकडेही एखादं जुनं वाद्य पेटीत पडून असेल, तर या रविवारी ते बाहेर काढा आणि एकदा सुरात लावून बघा.