सरखेल कान्होजी आंग्रे

हिंगोलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलांना पाणी परिचित असते ते कयाधूसारख्या नद्यांचे. नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात रोडावते. समुद्राची रीत याहून निराळी आहे. त्याचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा ओसरते. भरतीच्या वेळी जो खडक दिसतही नाही, तोच ओहोटीला दात विचकून उभा राहतो. या पाण्याचा स्वभाव ज्याला कळला, त्यालाच कोकणच्या किनाऱ्यावर सत्ता गाजविता येत असे. हे ज्ञान ज्यांनी आपल्या सामर्थ्याचा पाया बनविले, ते मराठ्यांचे थोर दर्यावीर म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे होत.

कान्होजींचा जन्म सन १६६९ च्या सुमारास झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते व त्यांची नेमणूक सुवर्णदुर्गावर होती. हा किल्ला हर्णैच्या समोर, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेल्या एका बेटावर आहे. तेथे जावयाचे तर होडीवाचून गत्यंतर नाही. अशा ठिकाणी कान्होजींचे बालपण गेले. वल्हे कसे धरावे, लाट कशी कापावी, ढगांवरून वाऱ्याचा अंदाज कसा बांधावा, हे धडे त्यांना प्रत्यक्ष समुद्रानेच दिले.

त्यांच्या बालपणीच एक मोठी घटना घडली. सन १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या खांदेरी या ओसाड बेटावर किल्ला बांधण्यास आरंभ केला. मायनाक भंडारी व त्यांचे सोबती बेटावर तळ देऊन राहिले. इंग्रजांनी मोठी गलबते आणून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून निसटून जात आणि धान्य व बांधकामाचे सामान बेटावर पोहोचवीत. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. लहान नौका, जवळचे बेट आणि पाण्याची अचूक जाण यांच्या बळावर मोठ्या जहाजांनाही हतबल करता येते, हा या प्रसंगाचा धडा होता. पुढे कान्होजींनी तोच आपल्या युद्धनीतीचा आधार केला.

शिवाजी महाराजांच्या पश्चात स्वराज्यावर औरंगजेबाचे संकट कोसळले. त्या धामधुमीत जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा दिला. परंपरा असे सांगते की, किल्लेदार शत्रूला मिळण्याच्या बेतात असल्याचे ध्यानी येताच तरुण कान्होजींनी किल्ल्याचे रक्षण आपल्या हाती घेतले. एका चकमकीत ते पकडले गेले. तथापि कैदेतून निसटून, समुद्र पोहून ते पुन्हा किल्ल्यात आले आणि किल्ला राखला. सन १६९८ च्या सुमारास आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांचे निधन झाल्यावर छत्रपती राजारामांच्या काळात कान्होजींकडे आरमाराचे नेतृत्व आले. सरखेल, म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी, हे पद त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

कान्होजींच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारच्या नौका होत्या. गुराब ही मोठी. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिच्या मुख्य तोफा नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागावर, बसविलेल्या असत. गलबत हे तिच्याहून लहान व चपळ. त्यावर सहा-आठ लहान तोफा असत आणि ४० ते ५० वल्ही असत. इंग्रजांची जहाजे प्रचंड होती व त्यांच्या तोफाही भारी होत्या. परंतु ती सर्वस्वी वाऱ्याच्या अधीन होती. वारा पडला की ती जागच्या जागी खिळून राहत. अशा वेळी गलबतातील वल्हेकरी गुराबांना दोर बांधून ओढीत नेत आणि शत्रूच्या पिछाडीस आणून उभ्या करीत. तेथे शत्रूच्या बाजूच्या तोफांचा मारा पोहोचत नसे. प्रथम शिडे व डोलकाठ्या निकामी करावयाच्या आणि मग तलवारी घेऊन जहाजावर चढावयाचे, अशी ही रीत होती.

या नौका चालविणारी माणसे कोळी, भंडारी, खारवी अशा दर्यावर्दी समाजांतील होती. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे यांचा मेळ घालून आपला प्रवास कसा आखावा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. लहान नौकेत फार दिवसांचे अन्नपाणी मावत नाही. म्हणून खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही बेटे म्हणजे या दर्यावर्दींच्या विसाव्याची ठाणीच होती. सिंधुदुर्गावर तर चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. जेथे गोडे पाणी, तेथे मुक्काम. जेथे मुक्काम, तेथे सत्ता, असे हे समुद्राचे गणित होते.

या किनाऱ्यावरून व्यापार करणाऱ्या नौकांनी सरखेलांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, असा कान्होजींचा आग्रह होता. परवाना नसलेली जहाजे ते जप्त करीत. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरविले. पण इंग्रज व पोर्तुगीज स्वतःही असेच परवाने इतरांना घ्यावयास लावीत. खरा प्रश्न समुद्र कोणाचा, हा होता. तो निकालात काढण्यासाठी मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने सन १७१७ मध्ये विजयदुर्गावर, तर १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार पाठविले. दोन्ही मोहिमा फसल्या. सन १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन सुमारे ६,००० सैन्यानिशी कुलाब्यावर चाल केली. त्या वेळी बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन मदतीस धावले. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि ती मोहीमही बारगळली. सन १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही निष्फळ ठरला.

कान्होजी केवळ लढवय्ये नव्हते. छत्रपती शाहू व महाराणी ताराबाई यांच्यातील कलहात ते आरंभी ताराबाईंच्या पक्षाला होते. परंतु बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने सन १७१४ मध्ये त्यांनी शाहूंशी सलोखा केला. घरातील भांडण मिटल्यावाचून समुद्रावरील शत्रूला तोंड देता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. अलिबागची भरभराट त्यांच्याच काळात झाली. तेथेच ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागेस आहे.

त्यांच्यामागे पुत्रांमध्ये वारशावरून फूट पडली. पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनीच इंग्रजांचे साहाय्य घेऊन तुळाजी आंग्रे यांच्यावर मोहीम केली आणि विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. जे परक्या तोफांना कान्होजींच्या हयातीत साधले नाही, ते आपसातील दुहीने साधून दिले. ज्या बळावर कोकणचा किनारा निर्भय होता, ते बळच नाहीसे झाले आणि परकीयांना समुद्र मोकळा झाला.

स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या नौदलाच्या ठाण्यास आंग्रे हे नाव दिले, आणि खांदेरीसही आता कान्होजी आंग्रे बेट म्हणून ओळखतात. जेथे एके काळी होड्या अंधारातून धान्य घेऊन येत, त्या बेटावरील दीपगृह आज रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांना वाट दाखविते.